एक बोरन्हाण, तीन पोरं
रविवार, 25 जानेवारी 2026, रथसप्तमी

झालं बाई एकदाचं, तिघांचंही बोरन्हाण आज झालं. खरं तर संक्रांतीच्याच आठवड्यात करायचं होतं पण आधी बाळ्याला सर्दी झाली, मग त्याची चिऊला लागली, जुळ्यांच्या घरात आजारपण कधी एकटं येत नाही, एकाचं उतरलं की दुसऱ्याचं चढतं. म्हणून मग रथसप्तमी गाठली, त्यात रविवार आला, त्यामुळे येवल्याहून आई आणि दादालाही यायला जमलं.

मला हे आजच लिहून ठेवायचंय कारण या बोरन्हाणावरून घरात बरीच चर्चा झाली आणि मी एका गोष्टीवर अडून बसले होते. पाटावर मोठीसुद्धा बसणार, आणि ती पहिली बसणार.

मोठी आता साडेचार वर्षांची आहे. तिची पहिली संक्रांत म्हणजे जानेवारी 2022, ओमिक्रॉनची लाट चालू, कोणी कोणाकडे जात नव्हतं. तेव्हा आम्ही दोघं आणि सासूबाई, मोबाईल स्टूलवर टेकवून व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडचे नातेवाईक, असं बोरन्हाण केलेलं. बोरं टाकली आम्हीच आणि नंतर झाडूने गोळा केली आम्हीच. आता बोरन्हाणाची खरी मजा काय डोक्यावर बोरं टाकण्यात असते का, ती असते खाली पडलेलं लुटण्यात, आणि लुटायला एक पोर नव्हतं. पुढच्या वर्षी सुतक, त्याच्या पुढच्या वर्षी घर बदलणं, गेल्या वर्षी मी स्वतः बेडरेस्टवर. पाच वर्षांपर्यंत बोरन्हाण करतात, जुलैत तिला पाच पूर्ण होतील, म्हणजे हेच तिचं शेवटचं. जुळ्यांचं पहिलं आणि तिचं शेवटचं, एकाच वर्षी.

काही जणींनी फोनवर म्हटलं, अगं मोठीचं झालंय की एकदा, आता जुळ्यांचं कर, ती छान तुझ्या हाताखाली येईल. मनात काही वाईट नसतं कोणाच्या, मला माहितीये. पण मे महिन्यापासून हे पोर सगळ्यांच्या हाताखालीच आहे. डायपर आण, हळू बोल, बाळं झोपलीत. ती करते, आनंदाने करते, पण म्हणून तिचे स्वतःचे सण संपले असं थोडीच आहे. सासूबाईंना विचारलं तर त्या एका वाक्यात म्हणाल्या, "पाचपर्यंत करायची रीतच आहे, बसव तिला." विषय संपला.

आणि नुसतं बोलून थांबल्या नाहीत, तिघांचे हलव्याचे दागिने घरी करायचे म्हणाल्या. बाजारात तयार सेट मिळतात, मी एक हेरूनही ठेवलेला, पण त्यांना हलवा घरचाच हवा. हलव्याला थंडी लागते, निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या आल्या की त्यांची परात बाहेर निघते. मंद आचेवर परात, त्यात थोडे तीळ थोडा साबुदाणा, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, सुकला की परत चमचाभर. हे रोज थोडं थोडं, बरेच दिवस. मोठी रोज शाळेतून आली की त्यांच्या शेजारी मांडी घालून बसायची आणि विचारायची, "आजी, काटा आला?" एक दिवस खरंच आला, दाण्याला बारीक टोकं फुटली, आणि तिने एक दाणा तळहातावर घेऊन खिडकीशी नेऊन उजेडात इतका वेळ बघितला की मी पोळ्या सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

जुळ्यांचं सगळं दोन कॅलेंडरवर चालतं. दोघं चौतिसाव्या आठवड्यात झाली, चिऊ एक किलो नऊशे, बाळ्या एक किलो सातशे, सुरुवातीचे दिवस एनआयसीयूत गेले. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं की लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या पण पालथं पडणं, बसणं, रांगणं हे सगळं मूळ ड्यू डेटपासून मोजायचं, दोन वर्षांपर्यंत. म्हणजे आज तारखेने आठ महिने झालेत पण हिशोबाने साडेसहाच. कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाच्या शेजारी मी निळ्या पेनाने एक आणि लाल पेनाने एक असं लिहिते, आणि कोणी विचारलं "अजून बसत नाही का हा?" की सरळ लाल आकडा सांगते. चिऊ बसायला लागली, बाळ्या अजून कलंडतो. त्याचं तो बसेल. जुळ्यांना लोक सतत शेजारी शेजारी ठेवून मापतात, तिने केलं मग याने का नाही, आणि हे मला अजिबात चालत नाही, मी हल्ली तोंडावर सांगते.

म्हणून उष्टावणसुद्धा वेगवेगळं केलं होतं. मुलीचं विषम महिन्यात आणि मुलाचं सम महिन्यात अशी रीत, आता घरात एक मुलगा एक मुलगी एकाच दिवशी जन्मलेली, मग काय करणार? डॉक्टर म्हणाले मान नीट धरतायत, सुरू करा. तर चिऊचं सातव्यात केलं आणि बाळ्याचं आठव्यात. दादा दोन्ही वेळा येवल्याहून आला, मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर. चिऊने चमचाच धरून ठेवला, सोडेना. बाळ्याने पहिला घास थुंकला, दुसरा थुंकला, मग ओठ चाटले आणि मामाकडे असं बघितलं की अजून आहे का? वाटी मोठीने धरलेली, दोन्ही वेळा, ते तिने स्वतः मागून घेतलेलं काम. दोन दिवस केल्यामुळे खर्च वाढला, धावपळ झाली, पण बाळ्याचा तो चेहरा मला नीट बघता आला. दोघांचं एकदम असतं तर त्यातलं एक काहीतरी नक्की सुटलं असतं.

मोठीचं म्हणजे डिसेंबरमध्ये गॅदरिंग झालं. वर्ग भाज्या-फळांचा होता आणि ही झाली द्राक्षाचा घड, नाशिकची पोरगी म्हटल्यावर दुसरं काय होणार. जांभळे फुगे अंगभर, त्यातले दोन स्टेजवर चढताना फुटले, ही दचकली नाही, माईकसमोर जाऊन तिची दोन वाक्यं बोलली, नमस्कार केला, उतरली. त्या दिवशी मी एकटी गेले होते, मुद्दाम. जुळ्यांना सासूबाई आणि नवऱ्याकडे ठेवून पहिल्या रांगेत जाऊन बसले, मांडीवर कोणी नाही, दोन्ही हात टाळ्या वाजवायला मोकळे. तिने स्टेजवरून आधी माझी मांडी बघितली मग माझ्याकडे बघून हसली. मला खात्री आहे तिने तेच बघितलं.

तर आज. संध्याकाळी पाच वाजता सोसायटीतली पोरं आली, दहा-बारा तरी असतील. मोठीला काळा परकर-पोलका, आईने येवल्याहून शिवून आणलेला, वर हलव्याची बिंदी, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. औक्षण झालं, आणि मग दादाने मापट्याने बोरं, उसाचे करवे, हरभरे, तिळाच्या रेवड्या, चुरमुरे, गोळ्या असं सगळं तिच्या डोक्यावरून ओतलं. पोरांनी जी झुंबड केली! एक जण पाटाखाली शिरला, एकीने फ्रॉकची झोळी केली. मोठी आधी राणीसारखी ताठ बसलेली, आणि मग तिला राहवेना, ती पाटावरून उतरून स्वतःचीच बोरं लुटायला लागली, बिंदी कानावर आलेली, बांगडीतला हलवा गळतोय, आणि ती ओरडतेय "ते माझं, ते माझं!" सासूबाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

मग जुळ्यांची पाळी. त्यांच्यासाठी फक्त चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या, कारण बोराची बी, हरभरा, शेंगदाणा या वयात घशात अडकायची भीती. ज्या कोणाच्या घरी एवढी लहान बाळं असतील त्यांना कळकळीने सांगते, रीत म्हणून दाणे टाकू नका, आणि टाकलेच तर बाळाला उचलून घेतल्यावर मोठ्यांवर टाका. चिऊ पाटावर बसली, बाळ्या बाबाच्या मांडीवर, त्याला मुकुट आणि बासरी. बासरी थेट तोंडात गेली, काढून घेतली तर केवढं भोकाड. चुरमुरे टाकायचा मान मोठीला दिला. तिने मापटं दोन्ही हातांनी धरून आधी चिऊवर टाकले, मग आतमध्ये बघून म्हणाली, "संपले, बाळ्याचे वेगळे भरून द्या." सांगितलं नव्हतं कोणी. दिले भरून.

दादा आजच परत गेला. संक्रांतीला तिघं आजोळी आली नाहीत म्हणून रुसलेला होताच, पुढच्या वर्षी येवल्याच्या गच्चीवर मोठीच्या हातात पतंगाची आसारी म्हणजे फिरकी द्यायची, साध्या दोऱ्याची, हे ठरवून गेलाय. जुळ्यांचं जावळ वर्षाच्या आत उरकायचं आहे, त्याची तारीख गुरुजींना विचारायची. मे महिन्यात पहिला वाढदिवस येतोय, तेव्हा औक्षणाची दोन ताटं, केकही दोन, छोटे. आणि जुलैतला मोठीचा वाढदिवस कोणाच्या सोयीसाठी मे मध्ये ओढायचा नाही, हे नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवलंय, तोही हो म्हणाला.

उद्या सकाळी झेंडावंदन, साडेसातला शाळेत पोचायचंय. तिचे पांढरे बूट पुसायचे राहिलेत आणि सोफ्याखालून अजून चुरमुरे निघतायत.