आमची वाटचाल: सायलेन्सरच्या पत्र्यापासून कॅटॅलिस्टच्या जाळीपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या ओळीत आमचं शेड आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते सायलेन्सर बनवायला घेतलं. पत्रा कापायचा, रोलवर वाकवायचा, आत भोकं पाडलेली नळी घालायची, दोन्ही तोंडं वेल्ड करायची. ट्रक, ट्रॅक्टर आणि लोडशेडिंगच्या वर्षांत जनरेटरची धुराडी. तेव्हा यंत्रमागाच्या प्रत्येक शेडला जनरेटर हवा होता, त्यामुळे आमच्याकडे रात्रपाळी चालायची. आवाज कमी झाला की गिऱ्हाईक खूश. धुरात काय असतं हे ना कोणी विचारायचं, ना आम्ही सांगायचो.

१ एप्रिल २०२० ला बीएस-सहा, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचे भारत स्टेज-सहा नियम, देशभर लागू झाले. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४० वर आली आणि डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०) १० वर. सगळा देश लॉकडाऊनमध्ये घरात बसलेला असताना हे झालं, म्हणून आमच्या लाईनमधल्या बऱ्याच जणांना त्याचा पत्ताच नव्हता. पुढे हैदराबाद आणि विजयपूर रस्त्यावरचे नवे ट्रक डॅशबोर्डवर दिवा पेटवून दारात उभे राहू लागले, तेव्हा अण्णा खाली वाकून बघत म्हणाले, "ह्यात सायलेन्सर कुठाय?"

सायलेन्सरच्या जागी मोठा डबा होता आणि त्यात चार वेगवेगळ्या जाळ्या. धाकटा भाऊ वालचंद कॉलेजमधून मेकॅनिकल इंजिनिअर झालेला. त्याने ते सगळं आधी आम्हा घरच्यांना शिकवलं, मग शेडमधल्या पोरांना, काहींना तेलुगूत, काहींना कन्नडमध्ये. आज गिऱ्हाइकाला आम्ही तेच सांगतो.

पेट्रोल इंजिनात एका किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, असं प्रमाण धरून ठेवतात. धुरात ऑक्सिजन जवळपास उरत नाही, त्यामुळे एकच कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता धुरातली रासायनिक क्रिया घडवणारा जाळीवरचा थर, कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजन ऑक्साइड हे तिन्ही एकदम निपटतो. डिझेल इंजिन नेहमी जास्तीच्या हवेवर चालतं. आयडलिंगला उभ्या असलेल्या ट्रकच्या धुरात १५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असू शकतो. मग कार्बन मोनॉक्साइड त्या ऑक्सिजनशीच जुळतं आणि नायट्रोजन ऑक्साइड जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून "पेट्रोल गाडीचं कॅट-कॉन (कॅटॅलिस्टचा डबा) स्वस्तात मिळतंय, बसवा की" म्हणणाऱ्याला आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

डिझेलला काम वाटून द्यावं लागतं. पहिल्या जाळीत प्लॅटिनम-पॅलेडियम असतं. ती कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं डिझेल जाळते, आणि नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड करते. दुसरी जाळी म्हणजे डीपीएफ, तिच्यात काजळी अडकते. मग युरियाच्या पाण्याचा फवारा. त्याचा गरम धुरात अमोनिया होतो, आणि तिसऱ्या जाळीवर अमोनिया व नायट्रोजन ऑक्साइड मिळून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ तयार होते. ह्या जाळीवर काही इंजिनांत तांबं घातलेलं झिओलाइट (बारीक छिद्रांचं खनिज) असतं, काहींत व्हॅनेडियम. चौथी जाळी उरलेला अमोनिया पकडते. काही छोट्या डिझेल गाड्यांत युरियाऐवजी बेरियमची जाळी येते. ती उधारीच्या वहीसारखी चालते: नायट्रोजन ऑक्साइड नायट्रेट म्हणून साठवत जायचं आणि मधूनमधून इंजिनाने थोडं जास्त इंधन सोडलं की सगळी उधारी एकदम फेडायची. गंधक मात्र त्या वहीतली पानं अडवून बसतं, ते सहज सुटत नाही. ह्या जाळीचं काम आम्ही क्वचितच घेतो.

सुरुवातीला सगळ्यात जास्त मागणी कशाला होती, तर हे सगळं काढून टाकायला. "मालक, काढून टाका की ओ ते डबं, सॉफ्टवेअरवाला मी बघतो." पैसेही चांगले मिळत होते. अण्णांनी पहिल्याच आठवड्यात नाही म्हणून सांगितलं. कायद्याचं कारण होतंच, पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं: डबा काढला की गिऱ्हाईक परत येणार नाही, साफ केला तर दरवर्षी येईल. मला ते तेव्हा गल्लेवाल्याचं गणित वाटलं. आज आमचा निम्म्याहून जास्त धंदा त्याच गणितावर उभा आहे.

सफाई म्हणजे फक्त हवा मारणं नव्हे. डीपीएफमध्ये दोन गोष्टी अडकतात. काजळी जळते, इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त वगैरेंची राख जळत नाही. आम्ही आधी जाळी वजन करतो, दाब मोजतो, आत कॅमेरा घालून तडे बघतो. मग उलट्या बाजूने हवा, मग भट्टी, पुन्हा हवा, पुन्हा वजन. भट्टीचं तापमान हळूहळू ६०० अंशांच्या आसपास न्यायचं. काजळीने गच्च भरलेली जाळी घाईने तापवली तर आतली काजळी एकदम पेटते आणि जाळी तडकते. काही ठिकाणी अ‍ॅसिड घालून, प्रेशरच्या पाण्याने धुतात. तशा धुतलेल्या जाळ्यांवरचा कॅटॅलिस्टचा थरच निघून गेलेला आम्ही कॅमेऱ्यात बघितलाय. त्या आम्ही हातात घेत नाही.

पण साफ केलेली जाळी काही महिन्यांत पुन्हा भरून आली, की कारण जाळीत नसतं. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या होत्या. हैदराबादला जाणारी कधी आमच्याकडे आलीच नाही. शहरात माल वाटणारी सारखी यायची. आम्ही दोन्हींच्या धुराच्या नळीत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून नोंदी घेतल्या. हायवेची गाडी चढाला, लोडवर सहज ३०० अंशांच्या वर जायची. नायट्रोजन डायऑक्साइडने काजळी जळायला साधारण २५० अंश पुरतात, म्हणून तिची जाळी चालता चालताच साफ होत होती. शहरातली गाडी सात रस्ता ते नवी पेठ, थांबत-थांबत, इंजिन चालू ठेवून माल उतरवत. तिचा धूर २०० अंशांना क्वचितच पोचत होता. मग इंजिन स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून जाळी तापवायला बघायचं, आणि ड्रायव्हर मधेच चावी फिरवायचा. त्याच्याशी बोलून रोज संध्याकाळी पुणे रोडने एक सलग फेरी ठरवली. त्या मालकाने आम्हाला सफाईचे पैसे कमी दिले आणि चार नवी गिऱ्हाइकं पाठवली.

तेव्हापासून आमच्या जॉबकार्डवर पहिला रकाना धुराच्या तापमानाचा असतो. जाळीचं नाव त्याच्या खाली.

दुसरा रकाना युरियाचा. टाकीतल्या पाण्यात ३२.५ टक्के युरिया असायला हवा आणि तो शुद्ध प्रतीचा हवा. शेतीच्या पोत्यातला कडुनिंब लावलेला युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून ओतणारे महाभाग आपल्याकडे आहेत. अनुदानाचं खत असं वापरणं गुन्हा आहे, हे वेगळंच. सोलापूरच्या बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम जाळीवर चढतो आणि नोझल पांढऱ्या खड्यांनी बंद होतो. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब ठेवला की टक्केवारी लगेच दिसते, भेसळ मात्र तो दाखवत नाही. दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. २५ अंशांच्या आत ठेवलेलं द्रावण साधारण दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांत सहाच महिने. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या ड्रमचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. आमचे ड्रम आम्ही मातीच्या भिंतीच्या जुन्या खोलीत ठेवतो. अण्णांची जेवायची जागा होती ती.

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या जनरेटरना धुराचे नवे, सीपीसीबी-चार-प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे) नियम लागू झाले, आणि आमचं जुनं गिऱ्हाईक परत आलं. मधल्या आकाराच्या जनरेटरसाठी धूलिकणांची मर्यादा किलोवॅट-तासाला पूर्वीच्या ०.२ ग्रॅमवरून ०.०२ वर आली. इथली दुखणी वेगळी. सोलापुरात जनरेटर घेताना "मोठाच घ्या, पुढे उपयोगी पडेल" असं सगळेच सांगतात. मग २५० केव्हीएचा सेट २० टक्के लोडवर चालतो आणि धूर थंडच राहतो. एका दवाखान्यात दर आठवड्याला सेट रिकामा चालवून चाचणी घ्यायचे. नळीतून काळं तेलकट पाणी गळत होतं आणि पहिल्या जाळीचं तोंड चिकटून गेलं होतं. आम्ही नवी जाळी विकली नाही. लोड बँक, म्हणजे जनरेटरवर मुद्दाम लोड टाकणारं यंत्र, भाड्याने आणून दिली आणि चाचणी लोडवर घ्यायला सांगितली. गळती थांबली. जाळी बरीचशी आपोआप जळून साफ झाली, उरलेलं आम्ही केलं.

साखर कारखान्यांकडून, त्यांच्या डिस्टिलरीच्या बायोगॅस इंजिनांसाठीही विचारणा येते. तिथे मळीच्या सांडपाण्यातून येणाऱ्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड पॅलेडियमला मारतो, आणि मिथेन जाळायला जाळी ४०० अंशांच्या वर तापलेली लागते. गॅस आधी धुऊन घेण्याची सोय नसेल तर आम्ही कोटेशनच देत नाही. दोन-तीन ठिकाणी यावर वाद झाले, एका ठिकाणी बिल अडकलं. पण नाही म्हणायची सवय अण्णांनी लावलीय, ती सुटत नाही.

जुन्या जाळ्यांचा भंगारबाजारही आता मोठा झालाय. प्लॅटिनमच्या आशेने बाहेरगावचे लोक येऊन नगावर भाव देतात. युरियाच्या जाळीत प्लॅटिनम नसतं, आणि व्हॅनेडियमची असेल तर तिची धूळ विषारी असते. शेडमधली पोरं मास्क न लावता ती फोडणार नाहीत, हा नियम भावाने भिंतीवर तिन्ही भाषांत लिहिलाय.

आमच्याकडे येताना नुसता डबा काढून आणू नका, गाडी घेऊन या. जमल्यास इंजिन ऑइलचा रिकामा कॅन आणि युरियाचं शेवटचं बिलही आणा. आणि गाडी रोज कुठून कुठे जाते, हे सांगणारा ड्रायव्हर सोबत हवाच. मालकाला ते बहुतेक वेळा माहीत नसतं.