वाशी ते ऐरोली खाडीकाठाने : घणसोलीच्या पुढे जाऊ नका

नवी मुंबईतला घणसोली ते ऐरोली हा तुकडा ठाणे खाडीच्या काठाने पायी होत नाही. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण आम्हाला नेमकं उलटं सांगितलं गेलं होतं. "वाशीला उतरा, खाडी डाव्या हाताला ठेवा, चालत राहा, ऐरोली येतंच." सांगणारा ट्रेकमधला जुना ओळखीचा. मोबाइलच्या नकाशातही घणसोलीच्या पुढे एक बारीक तुटक रेष दिसत होती. तेवढ्यावर विश्वास ठेवून मी आणि माझा मावसभाऊ होळीनंतरच्या रविवारी ठाण्याहून सकाळची वाशी लोकल पकडून निघालो.

वाशी ते घणसोली हा भाग चांगला आहे. सागर विहार, मिनी सी-शोअर, मग कोपरखैरणेच्या बाजूला जुन्या कचराभूमीवर उभं केलेलं निसर्ग उद्यान. पायाखाली सगळी फरशी नाहीतर डांबर. सकाळी आठच्या सुमारास ओहोटीला चिखल उघडा पडला होता आणि लांबवर रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गुलाबी रांग चरत होती. आमच्या घड्याळात घणसोलीपर्यंत ११ किलोमीटर भरले. कुणालाही जमेल, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता खरी गोष्ट. पाम बीच रस्ता घणसोलीत येऊन थांबतो. त्याला ऐरोलीशी जोडणारा तुकडा कांदळवनातून जायचा आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे चालण्याजोगं काहीही नव्हतं. रस्ता संपतो तिथून एक मातीचा बांध आत जातो, मत्स्यतलावांवर जाणाऱ्यांच्या वापरातला. नकाशातली तुटक रेष म्हणजे हाच बांध. पहिली दहा मिनिटं तो पक्का वाटतो आणि माणूस फसतो तो इथेच. पुढे बांध जागोजागी फुटलेला आहे. दोन फुटींमधून आम्ही उतरून गेलो. तिसऱ्या ठिकाणी मावसभाऊ गुडघ्यापर्यंत रुतला. बूट ओढून काढायला दहा मिनिटं गेली. आजूबाजूला तिवरांची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली, त्यामुळे बांधाच्या कडेने पाऊल टाकायलाही जागा नाही. हे सगळं होईपर्यंत साडेअकरा वाजले होते आणि मघाशी ज्या फुटीतून कोरड्या पायांनी आलो होतो, तिच्यात पाणी वाहायला लागलं होतं.

समोरून जाळं खांद्यावर घेतलेले एक म्हातारे कोळीबाबा आले. आम्हाला बघून आधी थांबलेच. म्हणाले, "पोरांनो, पानी चरतंय (चढतंय). माघारी फिरा." आम्ही ऐरोलीचं विचारलं, तर त्यांनी मान हलवली आणि सरळ आमच्या पुढे होऊन परत घेऊन आले. फुटीत पाय कुठे टाकायचा हे त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. ते भेटले नसते तर त्या बांधावर दुपार अडकून काढावी लागली असती, तीही उधाणाच्या भरतीत. सह्याद्रीत मी पंधरा वर्षं फिरतोय. इतकं घाबरल्याचं मला आठवत नाही, कारण घाटात वाट चुकली तरी जमीन जागेवर असते.

बाहेर आल्यावर त्यांनी हिशेब शिकवला, तो इथे देतोय. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. आमच्या दिवशी वद्य द्वितीया होती. दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. दुपारी दीडला पूर्ण भरती आणि आम्ही साडेअकराला बांधावर. शिवाय पौर्णिमेला दोनच दिवस झालेले, म्हणजे उधाण. वाशीच्या आत खाडीत पाणी थोडं उशिरा चढतं, पण त्या थोड्या वेळाच्या भरवशावर राहू नका. मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतंच, तेही बघा. मी दोन लिटर पाणी, टोपी, काठी, सगळं घेतलं होतं. तिथी मात्र बघितली नव्हती.

आणखी एक गोष्ट. हे कांदळवन संरक्षित आहे. पलीकडचा काठ तर ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, २०१५ साली जाहीर झालेलं आणि २०२२ पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत असलेलं. आत घुसून वाट काढणं जिवासाठी जेवढं वाईट, तेवढंच त्या जागेसाठीही.

परतीचा राग अजून गेलेला नाही. घणसोलीत रस्त्याच्या टोकाला एकच रिक्षा उभी होती. स्टेशनला सोडायचे ३०० रुपये. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. मीटरने २६ रुपयांपासून सुरुवात धरली तरी ५२ च्या वर जात नाही. "चिखलाने सीट खराब होईल" म्हणाला. पिशवी अंथरून बसतो म्हटलं, तरी २०० च्या खाली उतरला नाही. पाय थकले होते, दिले. तुम्ही देऊ नका. दहा मिनिटं आत वस्तीकडे चाललात की मीटरवाल्या रिक्षा आणि बस दोन्ही मिळतात. या मार्गावर कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली ही सगळी स्थानकं ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला आहेत, खाडीला लागून एकही नाही. कुठूनही चाल सोडायची ठरवली की दोन-तीन किलोमीटर शहरातून जावं लागतं, ते अंतर आधीच धरून चला. रविवारी मेगाब्लॉकही बघून निघा.

ऐरोली गाठायचीच असेल तर घणसोलीहून तळवली, गोठिवलीमधून रबाळेवरून जा. सिमेंट, हॉर्न, कंटाळा, पण पाय कोरडे राहतात. त्यापेक्षा लोकलने दोन स्टेशनं पुढे जा आणि ऐरोली पुलाजवळच्या सागरी जैवविविधता केंद्रावर उतरून बोटीने खाडी बघा. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, आधी नोंदणी करा.

वाशी-घणसोली मी पुन्हा करणार आहे, अष्टमीच्या आसपास. आठ त्रिक चोवीस, भागिले चार सहा. सकाळी सहाला भरती, तीही भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही. आठपासून बारापर्यंत ओहोटी चालू, चिखल उघडा, पक्षी जवळ. घणसोलीला रस्ता संपतो तिथे डबा खायचा आणि उजवीकडे स्टेशनची वाट धरायची.