विकत घेतलेला गेम पुन्हा सुरू करताना

पीसी गेमच्या डीव्हीडीवरील, नक्कल रोखण्यासाठीचे संरक्षण प्रत्यक्षात कोणाला अडवते, हे मला गेल्या उन्हाळ्यात एक जुना गेम भाच्यासाठी पुन्हा सुरू करून घेताना अगदी जवळून पाहायला मिळाले. हा गेम मी २००८ च्या सुमारास नागपुरातल्या बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) एका दुकानातून ९९९ रुपयांना घेतला होता. त्याच भागात त्याची पायरेटेड डीव्हीडी शे-दीडशे रुपयांना मिळत होती, तरीही ज्यांनी तो बनवला त्यांच्यापर्यंत पैसे पोहोचावेत म्हणून मी मूळ प्रत घेतली. डीव्हीडीवर आजही ओरखडा नाही आणि पुस्तिकेच्या मागे छापलेला कोड स्वच्छ वाचता येतो. तरीही इन्स्टॉल झाल्यावर पडद्यावर संदेश आला, की या कोडची ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली आहे.

या संरक्षणाचे नाव सिक्युरॉम. गेम पहिल्यांदा सुरू करताना ते संगणकाच्या सुट्या भागांवरून त्याची एक ओळख तयार करते आणि ती गेमच्या कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवते. माझ्या गेमला अशा तीन नोंदींची मर्यादा होती. आपल्याकडे पीसी म्हणजे बहुधा असेम्बल केलेला, आणि नागपूरच्या मे महिन्यात, कूलर सुरू होताच व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या घरात, त्याचा मदरबोर्ड जळणे ही काही नवलाची गोष्ट नाही. मदरबोर्ड बदलला की सर्व्हरच्या लेखी तो नवा संगणक होतो. जुनी नोंद परत करण्यासाठी कंपनीने पुढे एक छोटा प्रोग्राम दिला खरा, परंतु तो त्याच जुन्या संगणकावर चालवावा लागतो. जळालेल्या संगणकावर तो कसा चालवायचा, याचे उत्तर त्यात नव्हते.

हा जाच केवळ माझ्या वाट्याला आला असे नाही. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या ‘स्पोर’ या गेमला हीच तीनची मर्यादा होती आणि ग्राहकांच्या संतापानंतर ती पाच करण्यात आली. त्या गेमची संरक्षण काढून टाकलेली प्रत मात्र प्रकाशनाच्या आधीच इंटरनेटवर पोहोचली होती. म्हणजे ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांना मर्यादा कधी भेटलीच नाही, आणि ज्यांनी दिले त्यांनी ती मोजत बसावी, अशी ही व्यवस्था होती. मला राग आहे तो याचा.

कंपनीच्या सपोर्ट विभागाकडे तक्रार नोंदवण्यासाठी आधी खाते उघडावे लागले. उत्पादनांच्या यादीत माझा गेम नव्हता, म्हणून ‘इतर’ निवडून सविस्तर मजकूर लिहिला. उत्तरात त्यांनी दोन गोष्टी मागितल्या : पुस्तिकेवरील कोडशेजारी तक्रारीचा क्रमांक हाताने लिहून काढलेला फोटो, आणि खरेदीचे बिल. फोटो लगेच पाठवला. बिल मी जपून ठेवले होते, पण ते कार्बन लावून हाताने लिहिलेले होते आणि त्यावर ‘गेम डीव्हीडी, १ नग’ एवढेच होते. गेमचे नाव नसल्याने ते ग्राह्य नाही, असे कळवण्यात आले.

म्हणून पुन्हा बर्डी गाठली. ते दुकान अजून आहे, पण आता तिथे मोबाइलचे कव्हर आणि चार्जर विकले जातात. मालकांनी बिलावरची सही ओळखली, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “भाऊ, एवढ्यासाठी कायले धावपळ करता? पेनड्राइव्ह आणा, क्रॅक केलेला गेम टाकून देतो, एक पैसा नका देऊ.” त्यांच्या मनात मला मदत करण्याखेरीज काहीही नव्हते, आणि तो गेम पाच मिनिटांत सुरू झाला असता हेही खरे. मी नम्रपणे नको म्हटले. एक तर क्रॅकसोबत, म्हणजे संरक्षण काढून टाकण्यासाठी केलेल्या बदलासोबत, संगणकात आणखी काय शिरते, हे सामान्य माणसाला तपासता येत नाही. शिवाय संगणक प्रोग्रामची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा आपल्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे गुन्हा आहे. पण त्याहून मोठे कारण असे, की पुण्यासारख्या शहरात आज आपलीच मुले गेम बनवण्याच्या कामावर आहेत, आणि फुकट प्रतीची सवय त्यांच्या मेहनतीवरच पडते. माझे भांडण कुलपाच्या रचनेशी होते. पैसे देण्याला माझा कधीच विरोध नव्हता. मालकांना हे पटले की नाही ते सांगता येत नाही, परंतु त्यांनी लेटरहेडवर गेमचे नाव, बिलाचा क्रमांक आणि तारीख लिहून शिक्का मारून दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

यानंतरचा पत्रव्यवहार कंटाळवाणा होता. प्रत्येक उत्तर नव्या व्यक्तीकडून येई आणि आधी दिलेली माहिती पुन्हा मागितली जाई. मध्येच नव्या गेमवर सवलतीचे कूपन देऊ करण्यात आले. ते मी नाकारले आणि लिहिले, की मला दुसरी वस्तू नको आहे. जी वस्तू मी पूर्ण किमतीला घेतली तिच्यात कोणताही बिघाड नाही, ती केवळ तुमच्या सर्व्हरवरील एका आकड्यामुळे अडली आहे, आणि तो आकडा बदलणे फक्त तुमच्याच हातात आहे. प्रकरण वरिष्ठांकडे पाठवावे, अन्यथा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल, हेही शांत शब्दांत नमूद केले. त्यानंतर नोंदींची मोजणी शून्यावर आणण्यात आली आणि गेम सुरू झाला.

भाच्यासाठी आणखी एक गेम सुरू करायचा होता. तो याहून जुना आहे आणि त्याची अडचण वेगळी होती. त्यावर सेफडिस्क हे संरक्षण होते. मूळ डिस्क ड्राइव्हमध्ये आहे की नाही हे तपासण्यासाठी ते विंडोजच्या अगदी गाभ्यात एक ड्रायव्हर (संगणकाच्या भागांशी थेट बोलणारा छोटा प्रोग्राम) बसवत असे, आणि त्याच ड्रायव्हरमध्ये २००७ मध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली होती. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला जागाच दिली नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने विंडोज ७ आणि ८ मध्येही तो बंद केला. तो निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे हजारो घरांतल्या अस्सल डिस्क एका दिवसात निकामी ठरल्या, आणि क्रॅक केलेल्या प्रतींना त्या ड्रायव्हरची गरजच नसल्याने त्या चालत राहिल्या. येथे कायदाही विचारात घेण्यासारखा आहे. प्रताधिकार कायद्याचे कलम ५२(१)(कक) कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करू देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५क देखील हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यालाच शिक्षा सांगते. डिस्कवरचे संरक्षण मात्र मुळात साधी बॅकअप प्रत होऊच नये अशा बेताने बनवलेले असते. कायद्याने दिलेली मुभा वस्तूतच काढून घेतलेली आहे, आणि याची दाद कोणाकडे मागायची हे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

सुदैवाने हा दुसरा गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळाला. तिथे २००८ पासून संरक्षण नसलेले गेम विकले जातात आणि इन्स्टॉलर उतरवून स्वतःजवळ ठेवता येतो. एकाच गेमसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले, पण ते मी आनंदाने मोजले. “मामा, आमच्याकडे नेट नसलं तरी चालेल ना?” असे भाच्याने विचारले, तेव्हा या गेमबद्दल निःशंक होकार देता आला. पहिल्याबद्दल देता आला नाही. तो आज चालतो आहे, परंतु भाच्याच्या लॅपटॉपवर टाकताना एक नोंद खर्ची पडली, आणि उद्या सर्व्हर बंद झाला तर नवी नोंद होणारच नाही. ‘द क्रू’ या २०१४ च्या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ च्या अखेरीस बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेल्या त्याच्या डिस्क कोणत्याही संगणकावर चालेनाशा झाल्या, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. म्हणून ॲक्टिव्हेशनची अट कायमची काढून टाकणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा छोटा प्रोग्राम, द्यावा, अशी लेखी विनंती मी त्याच तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन कंपनीला पाठवली आहे. ती मिळाल्याची पोच आली आहे, निर्णय अजून आलेला नाही.