आमची वाटचाल : चार नंबरची वायर

कर्णे-स्पीकर दुरुस्तीचं दुकान, ११० चौरस फुटांचं. मुंबईत, लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत, जिन्याखाली. १९८६ ला गणपतीच्या महिनाभर आधी उघडलं, कारण कर्ण्यांची युनिटं, म्हणजे मागचे आवाज काढणारे डबे, जळायचा सीझन तोच. मांडववाले पोत्यात भरून युनिटं आणून ओतायचे आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हिशेबाला गायब व्हायचे. त्यातल्या काहींचे पैसे अजून यायचे आहेत.

भागीदार होते भाऊ. नात्याने कोणी नव्हेत, पण वयाने मोठे, म्हणून भाऊ. गिरणीत मोटरी बांधायचे. ८२ च्या संपानंतर गिरणी गेली, हातातली कला राहिली. शिलाई मशिनच्या चाकाचं वाइंडिंग मशीन त्यांनी स्वतः केलं होतं, आणि त्याला फेरे मोजायला जुन्या टेपरेकॉर्डरचा तीन आकडी काउंटर. तरी तोंडाने मोजायचेच. मध्ये कोणी ‘भाऊ, चहा’ म्हणालं की एक शब्द न बोलता सगळी तार उलगडायची आणि पहिल्यापासून सुरू. त्यांनी बांधलेली कॉइल मीटरवर धरा, जोडीतल्या दोघींत दशांश ओहमचा फरक दिसायचा नाही.

१९९१ मध्ये शिवाजी पार्कचे एक डॉक्टर आले. अमेरिकेत नोकरी करून परतताना त्यांनी क्लिप्श या अमेरिकन कंपनीचे ‘ला स्काला’ हे हॉर्नचे मोठे स्पीकर बोटीने आणले होते. एका बाजूचा मिड, म्हणजे मधले सूर वाजवणारा ड्रायव्हर, बंद पडला म्हणून कुणीतरी त्या मोठ्या धातूच्या हॉर्नवर मांडवाचं युनिट फिरवून बसवलं होतं! बसलं कसं? आटा तोच. दीड इंच नव्हे बरं, एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, इंचाला १८ आटे. ला स्कालातल्या के-५५-व्ही मिडचा आटा हाच आणि आपल्या सत्यनारायणाच्या कर्ण्याचाही हाच. डॉक्टर म्हणाले, “उजवीकडे गाणं चालू असतं, डावीकडे वर्गणीचं आवाहन.”

मूळ ड्रायव्हर त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला होता. भाऊंनी उघडला. फिनॉलिकचा डायफ्राम (थरथरून आवाज काढणारा पडदा) शाबूत, कॉइलची तार टोकाला तुटलेली, आणि कॉइल जिच्यात हलते त्या चुंबकाच्या फटीत मुंबईच्या हवेने धरलेला गंज. फट साफ करायची आमची पद्धत आजही तीच आहे : व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापायची, तिला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी उलटी गुंडाळायची, फटीत घालून हळूहळू गोल फिरवायची. काळी पूड चिकटून येते. पट्टी कोरी निघेपर्यंत करायचं, आम्हाला त्या दिवशी अकरा पट्ट्या लागल्या. मग डायफ्राम बसवून जनरेटरवर ३०० पासून ६००० हर्ट्झपर्यंत अगदी कमी आवाजात सूर चढवत न्यायचा. कुठे घासलं की स्क्रू पाव फेरा सैल, समोरचा पाव फेरा घट्ट. भाऊ हे डोळे मिटून करायचे.

तेव्हापासून डॉक्टर आमचे, आणि त्यांच्या ओळखीने घरगुती हॉर्नवाले एकेक यायला लागले. गंमत अशी की ला स्काला १९६३ चा, आणि तो मुळात अमेरिकेत विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या निवडणूक प्रचारासाठी बनवला गेला. म्हणजे हाही सभेचाच भोंगा, फक्त चांगल्या घरात पडला. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर कर्णे बंद झाले, मांडवाचं काम आटलं, तेव्हा या घरातल्या भोंग्यांनीच आम्हाला तारलं. ती पाच-सहा वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता कॅपॅसिटरचं सांगतो, कारण पुढची सगळी बदनामी त्यावरून झाली. क्रॉसओव्हर म्हणजे खालचे, मधले, वरचे सूर वेगळे करून ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरकडे पाठवणारं सर्किट. ला स्कालाच्या टाइप एए क्रॉसओव्हरमध्ये मिडच्या वाटेत १३ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो. जुने डबे तेलाचे, तीस-चाळीस वर्षांत त्यांचा आतला रोध वाढतो आणि आवाज मलूल होतो. बाहेरून ‘ऑडिओ ग्रेड’ मागवायचा तर एका नगाला तेव्हा हजारो रुपये. आम्ही काय केलं? मोटरीचा १० आणि छताच्या पंख्याचा ३.१५, दोन्ही समांतर जोडले. झाले १३.१५. दोन्ही पॉलिप्रॉपिलीन, ४४० व्होल्ट एसीचे, वर्षानुवर्षं चालू राहायला बनवलेले. मीटरने निवडून जोड्या लावायचो. मला त्यात आजही लाज वाटत नाही.

आमच्याकडे सहा वर्षं शिकलेला एक मुलगा होता. हुशार, हात स्वच्छ. २००७ मध्ये त्याने दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं. एसी, काचेचं दार, सोफा. जावं, टाकावं, आम्हीही कोणाकडे तरी शिकूनच टाकलं. पण त्याने गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली : “तिकडे जाऊ नका, ते पंख्याचे कॅपॅसिटर लावतात.”

यावर उत्तर काय देणार? खरंच लावायचो!

त्याची योजना होती ‘फुल अपग्रेड’. जुना मिड काढायचा, नवा चकचकीत टायटॅनियमचा ड्रायव्हर ॲडॉप्टरने लावायचा, सोनेरी अक्षरांचे कॅपॅसिटर घालायचे. लोक ऐकायचे, “काय क्लॅरिटी!” म्हणायचे आणि पैसे मोजायचे. मार्च २००८ मध्ये आमच्याकडे आलेलं एकूण काम सांगतो : दोन मेगाफोन आणि एका शाळेचा माइक. ऑसिलोस्कोप विकला. भाडं सात महिने थकलं, मालक रोज जिन्यावरून उतरताना खोकायचे. सगळ्यात वाईट म्हणजे भाऊ दुपारी ‘जरा जाऊन येतो’ म्हणून निघायचे. बऱ्याच दिवसांनी कळलं की गिरगावात एका दुकानात ते पंखे बांधायला जात होते. वयाच्या बासष्टाव्या वर्षी. आपला वाटा त्यांनी कधीच घ्यायचा बंद केला होता, मला न सांगता. ‘पंख्यावाले’ ही शिवी अशी खरी झाली.

आणि एक दिवस कळलं, डॉक्टरही तिकडे गेले. हे कोणी सांगितलं ते लिहीत नाही. दोन रात्री झोप नाही लागली.

२००९ च्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. “जरा येऊन जाता का? बुवा ‘आ’ लावतायत आणि मला ‘ॲ’ ऐकू येतंय.” मी भाऊंना घेऊन गेलो. तानपुरा लावला, मग गाणं. वरची चमक छान, झांज अगदी कानाशी. पण ‘आ’कार चपटा, तानपुऱ्याची जवारी भुर्रकन उडून जाणारी, तिच्याखाली जमीनच नाही. भाऊंनी नुसतं मीटर पुढे केलं. ड्रायव्हरवर दाखवलं साडेपाच ओहम.

जाणकारांना इथेच कळलं असेल. मीटरवर दहा-अकरा दाखवणारा ड्रायव्हर १६ ओहमचा, पाच-सहा दाखवणारा ८ चा. क्रॉसओव्हरमध्ये मिडचा जोर कमी करणारा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्याला पायऱ्यांसारखे टॅप. मूळ १६ चा मिड ४ नंबरच्या टॅपवर असतो, म्हणजे जोर ३ डीबी (डेसिबल) खाली, आणि कॅपॅसिटरच्या बाजूने तो ३२ ओहमचा दिसतो. ३२ ला १३ मायक्रोफॅरड, कट, म्हणजे जिथून मिड वाजायला लागतो ती जागा, चारशे हर्ट्झच्या आसपास. तिथेच ८ चा लावला आणि बाकी काही हलवलं नाही, तर तो दिसतो १६, आणि कट जातो साडेसातशेच्या वर. खालचे सूर वाजवणारा वूफर तर चारशेलाच मागे फिरलेला. मधल्या पट्ट्यात खड्डा. मराठी ‘आ’चा पहिला घुमारा साधारण सातशेला असतो, तो नेमका त्या खड्ड्याच्या काठावर. आणि नवा ड्रायव्हर मुळात जोरकस असल्याने वरचं सगळं जास्त. तीच ती क्लॅरिटी.

भाऊ खाली बसले, मागची फळी काढली, सोल्डरिंग लावलं, ४ नंबरवरची वायर सोडवून ३ नंबरला जोडली. टॅप ६ डीबी खाली, ८ चे पुन्हा ३२ झाले, कट जागेवर, जोरही उतरला. दुसऱ्या बाजूलाही तेच. वीस मिनिटं. कॅपॅसिटर सोनेरीच राहू दिले, ते काही वाईट नव्हते.

डॉक्टरांनी पुन्हा तेच गाणं लावलं. काही बोलले नाहीत. खुर्ची जराशी मागे सरकवली. इतकी वर्षं ओळखतो, त्यांचं ‘बरोबर झालं’ ते हेच.

बिल काय लावायचं? परतताना टॅक्सीत आमचं यावरूनच वाजलं. मी म्हटलं, काहीच नको. भाऊ म्हणाले, फुकटाला किंमत नसते. बिलबुकात अजून पान आहे : ‘दोन वायरी हलवल्या, रु. १००.’ त्या मुलाच्या अपग्रेडचा आकडा मी सांगत नाही, पण त्यात आमचं थकलेलं भाडं फिटून उरलं असतं.

डॉक्टर परत आले, शेवटपर्यंत राहिले. पण त्यांच्या दर रविवारच्या ऐकणाऱ्या मंडळीत त्यांनी हे कधी सांगितलं नाही. तिकडचा मुलगा ‘आमच्या डॉक्टरसाहेबांचे ला स्काला’ म्हणून फोटो दाखवत राहिला. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, “जाऊ द्या हो, तरुण आहे.” तरुण मीही होतो की.

असो. तुमच्याकडे जुने हॉर्न असतील तर, विचारलं नाहीत तरी सांगतो : आधी जुनं मूळ स्थितीत आणून ऐका, मग बदला. हॉर्नला टिचकी मारा, घंटेसारखा वाजला तर मोटारीच्या दुकानातली डॅम्पिंग शीट बाहेरून चिकटवा. नव्या ड्रायव्हरपेक्षा कधी कधी तिनेच जास्त फरक पडतो. कॅपॅसिटर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. काढलेला ड्रायव्हर भंगारात देऊ नका, डब्यात ठेवा. अल्निकोचा (जुन्या ड्रायव्हरमधल्या मिश्रधातूचा) चुंबक हौसेने सुटा करू नका, त्याचा जोर एकदा उतरला की परत भरून आणावा लागतो.

भाऊ २०१६ ला गेले. मशीन आहे, काउंटर ४१७ वर थांबलाय, मी शून्यावर आणलेला नाही. माझी मुलगी आता लॅपटॉप आणि माइक लावून आलेख काढते, तिला भाऊंच्या कानाचं सगळं खरं निघताना दिसतं. काम भरपूर आहे.

परवा तिकडच्या दुकानातला एक पोरगा आला. दाराबाहेरूनच म्हणाला, “काका, ३.१५ चा कॅपॅसिटर आहे? चार नग.” मी कोणासाठी विचारलं नाही. दिले. एमआरपीने.