अठरा झाली की

"बाई, तेका अठरा झाली काय मगे तुमी येवचास नाय मा?"

देवगडहून येताना एसटीत उभ्याने अख्खा रस्ता हेच वाक्य डोक्यात. ज्या दिव्यांग मुलाला मी आठवड्याला घरी जाऊन शिकवते, त्याच्या आईने सहज विचारलं, त्याच्या पायाचे व्यायाम करता करता. आणि मी लगेच सुरू, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, 6 ते 18 मोफत शिक्षण, मग पुढे कायदेशीर पालकत्वासाठी कलेक्टरच्या समितीकडे अर्ज, निरामय योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा आहे तो रिन्यू करायला विसरू नका. ती हं हं करत राहिली.

नियम तिला पाठ आहेत माझ्यापेक्षा जास्त, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, तिनेच हेलपाटे घातलेत. मग विचारलं कशाला? घाबरून, की वाट बघत? तो सूर मी परत परत आठवतेय, काही केल्या लागत नाही.

म्हणजे बघा ना, मी येणार म्हणून ओटी झाडायची, त्याला आंघोळ घालून कॉर्नर चेअरमध्ये, त्या आधाराच्या खुर्चीत, बसवायचं, वर मी विचारणार, व्यायाम किती वेळा केले, वही दाखवा. नवरा फवारणीला, सासू अंथरुणात. मला कोणी आठवड्याला असं तपासलं तर मीही दिवस मोजले असते.

आणि मग रडूच आलं, कारण तो कातळाचा सडा चढून जायचं उन्हातून, मानधन कधी येईल ते देव जाणे, घरी आल्यावर आमच्याकडचे विचारणार एवढं करून तो बोलला का. बोलत नाही तो. सीपी आहे, सेरेब्रल पाल्सी, मेंदूतूनच हालचालींवर ताबा नाही. पण चमच्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून दिली तर पेज स्वतः खातो, निम्मी अंगावर, आणि पाण्याच्या चित्राकडे डोळे वळवतो. तेवढ्यासाठी मी जाते आणि हिला मीच नकोय?

असो. हिशोब केला तर त्याला अजून तीन वर्षं आहेत. माझं कंत्राट दरवर्षी नव्याने. म्हणजे आमच्या दोघांत पर्मनंट तो, टेम्पररी मी. तिला अठराची काळजी, मला मार्चची. एसटीत एकटीच हसले, शेजारची बाई बघायला लागली.

गुरुवारी वही मागायची नाही असं ठरवलंय. तपासणीला कोणी आलं तर काय दाखवायचं ते बघू.