“याला वेल्ड कुठंय?”

पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाच्या हृदयशस्त्रक्रिया विभागात मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या घरच्यांशी बोलणे, सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रे मार्गी लावणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले त्यांना नीट उमगले आहे की नाही याची खात्री करून घेणे, हे माझे रोजचे काम. या कामात हृदयाच्या कृत्रिम झडपेविषयी एक प्रश्न मला सतत ऐकावा लागतो: “बाहेरचं नाही का काही? इम्पोर्टेड?” एका वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी हाच प्रश्न मला एका वडिलांनी विचारला. तो विचारून ते थांबले नाहीत, उत्तर हातात घेऊन तपासल्याशिवाय उठले नाहीत, आणि म्हणून तो दिवस लिहून ठेवावा असे मला मनापासून वाटते.

त्यांची मुलगी वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात शिकणारी. लहानपणी तिचा घसा वारंवार धरायचा, ताप यायचा, गुडघे सुजायचे आणि आठवड्याभरात सगळे आपोआप बरे व्हायचे, त्यामुळे घरच्यांनी ते फारसे मनावर घेतले नव्हते. घशात शिरलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. त्या रुमॅटिक तापाने तिची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, वर्षानुवर्षे हळूहळू जाड आणि ताठ होत गेली होती. आता ती झडप नीट उघडतही नव्हती आणि नीट मिटतही नव्हती. जिना चढताना दम लागू लागला, रात्री आडवे झाले की खोकला येऊ लागला, तेव्हा कुठे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. फुग्याने झडप रुंद करण्याची किंवा ती दुरुस्त करण्याची वेळ निघून गेली होती. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली झडप इतक्या कोवळ्या वयात लवकर खराब होते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. यांत्रिक झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि गरोदरपणात फार जपावे लागते. सर्जननी हे सगळे मुलीला आणि आईवडिलांना समोर बसवून सांगितले होते, आणि यांत्रिक झडपेचा निर्णय मुलीने स्वतः घेतला होता.

वडील माझ्या टेबलासमोर बसले ते हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून. भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात ते व्हीएमसी, म्हणजे धातू कोरून सुटे भाग घडवणारे संगणकचलित मशीन, चालवत होते. शस्त्रक्रिया योजनेत बसते, झडपेचे पैसे वेगळे भरावे लागणार नाहीत, आणि बसवायची आहे ती भारतात बनलेली चित्रा झडप, हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

“योजनेतलं म्हणून स्वस्तातलं देताय का, मॅडम? पैशांचं मी बघतो. गावाकडची जमीन आहे थोडी, ती विकतो. पण बाहेरचा टाका.”

बाहेर व्हरांड्यात आमचे कर्मचारी दुसऱ्या दिवसासाठी तिरंगी पताका बांधत होते. त्यांच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “झेंड्याला सलाम मीपण करतो. पण ही पोरीच्या काळजाची गोष्ट आहे.”

त्यांचे मला पटले. देशाभिमानाची ढाल पुढे करून घाबरलेल्या बापाला गप्प बसवणे मला कधीच मान्य झालेले नाही. वस्तू आपल्या देशात बनली, एवढ्यानेच ती कुणाच्या छातीत बसवण्याच्या लायकीची ठरत नाही. ती कशी बनली, कुणी तपासली, कुठे फसली, हे सांगता आले तरच तिच्याविषयी अभिमानाने बोलण्याचा हक्क मिळतो, असे मी मानते. चित्रा झडपेच्या बाबतीत हे सगळे सांगता येते, आणि म्हणूनच मला त्या झडपेविषयी इतकी आस्था आहे.

मी कपाटातला नमुना काढून त्यांच्या हातात दिला. शिवणीसाठी भोवती पॉलिएस्टरच्या विणीचे पांढरे कडे, त्याच्या आत चकचकीत धातूची चौकट, आणि चौकटीतल्या दांड्यांच्या आधाराने उघडमीट करणारी एक पांढरट तबकडी, एवढीच ती वस्तू. त्यांनी ती उजेडाकडे धरली, नखाने तबकडी हळूच ढकलली, ती तिरपी उघडली, सोडल्यावर मिटली. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चौकटीला दांडा जिथे मिळतो ती जागा त्यांनी अंगठ्याने चाचपली, खिशातून चष्मा काढला, पुन्हा पाहिली.

“याला वेल्ड कुठंय?”

नातेवाइकांनी आजवर मला किंमत विचारली आहे, वॉरंटी विचारली आहे, सोनोग्राफी करता येईल का हेही विचारले आहे. पण हा प्रश्न पहिल्यांदाच समोर आला. आणि नेमक्या याच प्रश्नात या झडपेचा अर्धा इतिहास आहे.

तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे संचालक डॉ. एम. एस. वलियाथन हे स्वतः हृदयशल्यविशारद होते. अमेरिकेत शिकून ते परतले, तेव्हा रुमॅटिक आजाराने झडपा खराब झालेले तरुण रुग्ण देशात सर्वत्र होते, आणि परदेशी झडपेची किंमत त्यांतल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. झडप आपणच बनवायची, असे त्यांनी आणि अभियंता जी. एस. भुवनेश्वर यांच्यासह त्यांच्या चमूने ठरवले. एकाच संस्थेत एका बाजूला रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूला जैववैद्यकीय तंत्रज्ञानाची कार्यशाळा, अशी रचना त्या काळी आपल्याकडे नवलाची होती. काम सोपे गेले नाही. पहिली तीन मॉडेले साहित्याच्या अडचणींमुळे बाद करावी लागली. तबकडीसाठी कृत्रिम नीलमही वापरून पाहिला, तोही उपयोगी पडला नाही. अखेर चौथ्या मॉडेलमध्ये हेन्स-25 या कोबाल्टयुक्त मिश्रधातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलिनची तबकडी हे जोडपे जमले. कृत्रिम खुब्याच्या वाटीत वापरतात त्याच जातीचे हे प्लास्टिक.

“दांडे वेगळे करून जोडलेले नाहीत,” मी त्यांना सांगितले. “चौकट आणि दांडे एकाच धातूच्या तुकड्यातून कोरून काढलेले आहेत.”

“मशीनिंग करून?” त्यांनी मान वर केली.

त्यांना हे सांगणे मला आवश्यक वाटले की वेल्डची शंका ही काही उगाचची शंका नाही. ब्योर्क-शायली या परदेशी झडपेचे एक मॉडेल 1979 साली बाजारात आले. त्यातल्या वेल्ड केलेल्या दांड्याला तडे जाऊन तो तुटल्याने जगभरात अनेक रुग्ण दगावले, आणि 1986 साली ती झडप बाजारातून काढून घ्यावी लागली. त्या झडपेवर परदेशाचाच शिक्का होता. शिक्क्याने दांडा वाचत नाही, हे त्या सद्गृहस्थांना मी समजावण्याची गरजच नव्हती. धातूच्या थकव्याविषयी त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळत होते. त्यांचा पुढचा प्रश्नही त्यांच्या धंद्यातलाच होता.

“एन्ड्युरन्स टेस्ट किती सायकलची?”

माणसाचे हृदय वर्षाला साधारण 4 कोटी वेळा धडधडते. प्रयोगशाळेतील यंत्रावर ही झडप वेगाने उघडमीट करून 36 कोटींहून अधिक आवर्तने चालवली गेली, म्हणजे शरीरातील सुमारे 9 वर्षांचे काम. त्यात ती मोडली नाही. त्यानंतर मेंढ्यांमध्ये चाचण्या झाल्या, आणि डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. पुढे टीटीके कंपनीने तिचे उत्पादन हाती घेतले आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत. तबकडी स्वतःभोवतीही फिरू शकते, त्यामुळे झीज एकाच जागी होत नाही, हे सांगताच त्यांनी तबकडीला बोट लावून ती खरोखर फिरते का ते पाहिले. ती फिरली.

मग ते स्वतःविषयी बोलू लागले. त्यांच्या मशीनवर तयार होणारे सुटे भाग जर्मनीला जातात. मायक्रॉनचा फरक पडला तर माल तिथून परत येतो, आणि त्यांच्या हातचा एकही नग आजवर परत आलेला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला. भोसरीत बसून हा माणूस जगाच्या विश्वासाला उतरेल असे काम रोज करतो, आणि तरी मुलीच्या जिवाचा प्रश्न आला की त्याचा हात आधी परदेशी मालाकडे जातो, याचे मला त्या क्षणी फार वाईट वाटले. दोष त्यांचा नव्हता. त्यांना हे कुणी कधी सांगितलेच नव्हते.

त्या दिवशी मी त्यांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवलेल्या रक्ताच्या पिशवीचे भारतीय तंत्रज्ञानही याच चित्रा संस्थेत विकसित झाले आणि तिथून उद्योगाकडे गेले. पूर्वी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवले जाई. पिशवी आल्यावर एकाच दात्याच्या रक्तातून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढणे सोपे झाले. दुसरी गोष्ट त्यांच्या घराच्या अगदी जवळची होती. झडप बदलली तरी रुमॅटिक ताप पुन्हा उलटू नये म्हणून मुलीला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन पुढची कित्येक वर्षे घ्यावे लागणार होते. हे पेनिसिलिन देशात तयार व्हावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (एचए) हा सरकारी कारखाना उभा राहिला तो पिंपरीत. त्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले, आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना.

“एचए? आमच्या कंपनीची बस रोज तिथूनच जाते की,” ते म्हणाले. पिंपरीकरांना एचए हा बसचा थांबा म्हणून ठाऊक असतो. देशाला स्वतःचे पेनिसिलिन देणारी जागा म्हणून तो ठाऊक असायला हवा, असे मला आजही तीव्रतेने वाटते, आणि पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक शाळेने मुलांना हे सांगायला हवे.

त्यांनी संमतिपत्रावर सही केली ती सर्जनना पुन्हा एकदा भेटून, त्यांनाही वेल्डचा प्रश्न विचारून. सर्जननी घाई केली नाही, खुर्ची ओढून त्यांना दांड्यांची रचना कागदावर काढून दाखवली.

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी संपल्यावर शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावरून मुलीचे हृदय सुरळीत पूर्वपदावर आले, आणि तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात आली. काही यांत्रिक झडपांची टिकटिक शांत खोलीत रुग्णाला स्वतःला ऐकू येते आणि तरुण मुलींना तिचा त्रास होतो. या झडपेची तबकडी प्लास्टिकची असल्याने आवाज मंद असतो. मुलीने मला स्टेथोस्कोप मागितला, कानाला लावून स्वतःचेच हृदय ऐकले आणि वडिलांच्याही कानाला लावून दिला. रुग्णालयातून घरी जाताना वडिलांनी झडपेचे कार्ड माझ्याकडून मागून घेतले, त्यावरचा आकार आणि अनुक्रमांक आपल्या वहीत उतरवला, आणि रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या आयएनआर तपासणीच्या तारखा त्याखाली ओळीने लिहून घेतल्या.

त्या प्रसंगानंतर मी विभागासाठी एक मराठी माहितीपत्रक लिहिले. मजकूर सर्जननी तपासून दिला. त्याची सुरुवात मी बाद झालेल्या तीन मॉडेलांपासून केली. एका सहकाऱ्याने शंका काढली की अपयशाने सुरुवात केली तर लोक घाबरतील, ते शेवटी टाकू या. मी ते हलवले नाही. भोसरीचे आणि चाकणचे नातेवाईक तो परिच्छेद वाचताना थांबतात, नमुना मागतात, आणि चौकटीवर अंगठा फिरवून बघतात.