ग्रुप फोटो, रिमोट आणि ते एक मिनिट: माझा अनुभव

कॅमेरा ज्याच्या हातात, तो फोटोत नसतो. सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी गणपतीला सगळे जमतात आणि दुपारच्या आरतीनंतर, पानं वाढायच्या आधी, खळ्यात, म्हणजे अंगणात, सगळ्यांचा एक फोटो होतो. वर्षानुवर्षांच्या त्या फोटोंत मी जवळपास नाहीच. दहा सेकंदांचा टायमर लावून धावणं हा उपाय आहे म्हणा, पण पावसाने निसरड्या झालेल्या खळ्यातून धोतर सावरत धावलेला माणूस फोटोत कसा दिसतो ते घरच्यांनी पाहिलंय आणि अजून विसरलेले नाहीत.

म्हणून यंदा रिमोट घेतला. खरेदीत सांगण्यासारखं काही नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो पहिल्या दाबातच चालला.

गावी मात्र त्याने छळलं. माझा डीएसएलआर जुना, रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे टीव्हीच्या रिमोटच्याच जातीचा. ट्रायपॉड लावला, कॅमेरा रिमोट मोडवर टाकला आणि हाका मारल्या. आता आमच्याकडे फोटोला बसणं म्हणजे काय ते सांगतो. आजीची खुर्ची सावलीत सरकवायची. एक काकी गॅस बंद करायला परत आत जाणार, तिला बोलवायला दुसरी जाणार. पोरं पुढे बसवली की त्यातलं एक उठणार. हे सगळं होऊन मी मागच्या ओळीत जागा धरली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, हात लांब करून दाबलं. तरी ढिम्म. कॅमेऱ्यापाशी जाऊन पाहावं तर तो आपला साध्या सिंगल मोडवर. पुन्हा रिमोट मोड लावला, परत गेलो, तोवर आत्याला आठवलं की तिची सून अजून माडीवरच आहे. सून आली, बटण दाबलं, पुन्हा शांतता. "हसान हसान गाल दुखाक लागले," काका म्हणाले. पानं थांबलेली, पोटात कावळे, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं, तेव्हा पहिला संशय उन्हावर. तो अगदीच खोटा नव्हता, भर उन्हात इन्फ्रारेडचा पल्ला कमी होतोच. सगळ्यांना पडवीच्या सावलीत घेतलं, आणि एक फोटो निघाला! नेमकी काकी डोळे मिटून. पुढचा काही निघेना. मग संशय सेलवर. त्याची परीक्षा सोपी आहे: मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड स्क्रीनवर फिकट जांभळा लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा हा उजेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून पुढचाच वापरा. माझा रिमोट छान लुकलुकत होता.

शेवटी सगळ्यांना जेवायला पाठवलं आणि मी ओटीवर मेन्यू चाळत बसलो. टायमरच्या सेटिंगांच्या पोटात एक ओळ सापडली: रिमोटची वाट किती वेळ बघायची. पर्याय 1, 5, 10 आणि 15 मिनिटं. कंपनीने लावून दिलेलं, 1 मिनिट. तेवढ्यात बटण दाबलं गेलं नाही तर कॅमेरा गुपचूप आधीच्या मोडवर जातो. म्हणजे पडवीतला तो एक फोटो निघाला कारण योगायोगाने सगळे मिनिटाच्या आत बसले होते.

बॅटरी वाचवायची, हे समजतं. पण एका मिनिटात ग्रुप फोटोला तयार होणारं कुटुंब या लोकांनी कुठे पाहिलं? आणि मिनिट संपल्यावर एखादी शिट्टी, एखादा दिवा? काही नाही. मुदत संपली तर सांगून तरी जा! माहितीपुस्तकात ही ओळ रिमोटच्या पानावर नाही, लांब कुठेतरी सेटिंगांच्या तक्त्यात आहे. 15 मिनिटं लावली आणि जेवणानंतर सगळे फोटो पटापट निघाले. मागच्या ओळीत, डावीकडून तिसरा, तो मी.

तुम्ही रिमोटने फोटो काढणार असाल तर आधी ही मुदत बघा, मग बाकीचं. फोकस न सापडल्यामुळेही कॅमेरा फोटो काढायचं टाळतो आणि तेव्हाही असाच मुका राहतो, त्यामुळे दोन्ही रोग एकसारखे दिसतात. म्हणून लोक बसले की एकदा स्वतः फोकस करून लेन्सवरचं बटण एमवर, म्हणजे हाताने फोकस करायच्या खुणेवर, सरकवून टाका. दोन-तीन ओळी असतील तर एफ/8 ठेवा, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान होऊन मागची ओळही स्पष्ट येते, आणि फोकस पुढच्या ओळीवर धरा.

रिमोट दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असा पर्याय असतो, तो घ्या. नाहीतर हात पुढे करून उभे असलेले तुम्हीच दिसता. रिमोटचा इशारा पकडणारा डोळा बहुतेक कॅमेऱ्यांत पुढच्या बाजूला असतो, तेव्हा कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून दाबण्यात अर्थ नाही. "खंय बघूचा?" असं पोरं विचारतात, त्यांना पुढचा छोटा दिवा दाखवा. त्या दोन सेकंदांत तो पेटतो.

हो, एक राहिलंच. तुम्ही कॅमेऱ्यामागे नसता तेव्हा डोळा लावायच्या खिडकीतून मागचं ऊन आत शिरतं आणि फोटो काळपट येऊ शकतो. तिथे लावायचं प्लास्टिकचं झाकण बऱ्याच कॅमेऱ्यांसोबत मिळतं. ते हरवलं असेल तर काळं फडकं चालतं. आणि जागा कमी आहे म्हणून झूम पूर्ण मागे घेऊन 18 एमएमवर काढू नका, कडेचे काका आडवे ताणले जातात. मागे सरका आणि 35 एमएमच्या आसपास काढा.

पुतण्या म्हणाला, एवढं कशाला, मोबाइलला ब्लूटूथचं बटण मिळतं. मिळतं, स्वस्तही आहे. ते फोनला आवाज वाढवायच्या बटणाचा इशारा देतं, म्हणून त्या बटणाने फोटो निघेल असं कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असावं लागतं. आणि फोन त्याला कीबोर्ड समजतो, त्यामुळे ते जोडलेलं असताना आयफोनवर टायपिंगचा कीबोर्डच गायब होतो. फोटो झाला की बटण बंद करा.

पुढच्या वर्षी मी रेडिओवर चालणारा रिमोट घेणार आहे. त्याला ऊन बाधत नाही आणि कॅमेऱ्यासमोर धरावाही लागत नाही. त्याचा रिसीव्हर कॅमेऱ्याला वायरने जोडतात आणि एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांना वेगवेगळ्या वायरी लागू शकतात. दुकानात जाताना कॅमेराच सोबत न्या आणि तिथेच खोचून बघा.